सखाराम कपडेपटवाल्याचे अकरा दिवस

सखाराम भालेरावला मी पन्नास वर्षं ओळखते, आणि त्यातली निदान तीस वर्षं मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. ही अतिशयोक्ती आहे, मान्य. आम्हा नाटकवाल्यांना ती खोड असते. पण कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाने प्रयोग चालू असताना विंगेत बोलायचं नाही, हा आमच्या कंपनीचा नियम होता, आणि सखारामने तो घरीदारी, लग्नाकार्यात, सगळीकडे पाळला. मी धापा टाकत आत यायची. तो पुढच्या प्रवेशाचा शालू हातावर घेऊन उभाच असायचा. कोपराला त्याचं बोट लागलं की हात वर करायचा, खांद्याला लागलं की वळायचं. पाठीवरचे हुक लागले की मी परत उजेडात. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि त्यात एक शब्द नाही.

ह्यात माझाही हात आहे, तो लपवत नाही. एकदा दौऱ्यावर, माझ्या शोकाच्या प्रवेशात तो विंगेत खोकला. प्रयोग संपल्यावर मी त्याला सगळ्यांदेखत बोलले. पंचविशीतली होते, टाळ्यांनी डोकं फिरलेलं होतं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्यानंतर खोकला आला की तो शर्टाची बाही दातांत धरायचा.

कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी प्रत्येकाला आठवण म्हणून काही ना काही दिलं. मला एक पैठणी मिळाली, ती केव्हाच विरली. सखारामने तीन तलवारी मागून घेतल्या. बाकीच्या सगळ्या पत्र्याच्या होत्या. ह्या तीन पोलादी होत्या. धार नव्हती, पण वजन होतं, आणि म्यानातून उपसली की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा. त्या तलवारी आणि पाच ट्रंका घेऊन त्याने कल्याणात एका खोलीत भाड्याने कपडे द्यायचा धंदा सुरू केला. शाळांची संमेलनं, खडवलीच्या बाजूच्या गावांतली उत्सवाची नाटकं, सोसायट्यांचे कार्यक्रम. राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत, तो आणि शालन. मूलबाळ नाही.

शालन बोलायची. दोघांचं मिळून तीच बोलायची. "ह्यांना भूक लागलीये," "ह्यांना तुमचं नाटक आवडलं," असं त्याच्या वतीने सांगून टाकायची, आणि तो शेजारी बसून मान हलवायचा. चार वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस: मंगळवार, गुरुवार, शनिवार. तिला सुईची भयंकर धास्ती. सुई टोचायच्या वेळी ती मोकळ्या हाताने सखारामचा अंगठा धरायची, आणि पुढचे चार तास तो स्टुलावर बसून एका हाताने जमेल तेवढी झब्ब्यांची बटणं लावायचा. एका मंगळवारी त्याला कोर्टात जावं लागलं म्हणून शेजारीण बरोबर गेली. शालनचा रक्तदाब मध्येच एवढा उतरला की मशीन बंद करावं लागलं. तेव्हापासून सखारामने मनाशी एक गोष्ट पक्की केली होती: आता एकही वार चुकवायचा नाही.

कोर्ट कशामुळे मागे लागलं, ते सांगते.

डिसेंबर होता. घोडबंदर रोडच्या एका शाळेचं संमेलन होतं आणि त्यात शिवकालीन प्रवेश. सखाराम रिक्षात ट्रंक, चौदा फेटे, एक छोटी पालखी आणि चादरीत गुंडाळलेल्या पंधरा तलवारी घेऊन निघाला. त्या आठवड्यात कुठल्याशा मोर्चामुळे मनाई आदेश लागू होता. म्हणजे शस्त्रं, काठ्या, असलं काही घेऊन रस्त्यावर फिरायचं नाही. हे त्याला माहीत नव्हतं. कल्याण सोडायच्या आधीच, खाडीच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती.

हवालदार वाईट नव्हता. चादर उलगडून म्हणाला, "काय काका, लढाईला निघालात?"

"शाळेचं संमेलन आहे साहेब."

"पत्र्याच्या ना ह्या? पोरांची खेळणी?"

केवढा मोठा दरवाजा उघडून धरला होता त्या माणसाने. नुसती मान हलवली असती तरी रिक्षा पुढे गेली असती. जन्मभर मानच हलवत आलेला माणूस हा. पण मालाची गोष्ट निघाली आणि सखाराम बोलला.

"बारा पत्र्याच्या आहेत साहेब. ह्या तीन असली. पोलाद आहे. असं पातं आता मिळत नाही. हातात घेऊन बघा."

हवालदाराने हातात घेऊन बघितलं. तोपर्यंत फौजदार मागे येऊन उभे राहिले होते, आणि त्यांनीही ऐकलं होतं. पंचनामा झाला, तलवारी मुद्देमाल म्हणून जमा झाल्या, पोलीस ठाण्यातच जामीन मिळाला. निघताना त्या हवालदाराने चहा पाजला. "मी एकटा असतो ना काका, तर मला ऐकूच आलं नसतं," तो म्हणाला.

पाती बोथट असल्यामुळे शस्त्र कायद्याचं कलम लागलं नाही. राहिलं ते राज्याच्या पोलीस कायद्याचं, मनाई आदेश मोडल्याचं, कलम एकशे पस्तीस. वकील करायची ऐपत नसेल तर सरकारकडून फुकट मिळतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. मी त्याला विधी सेवेच्या कचेरीत घेऊन गेले. तिथे मृणाल भेटली. तिशीतली, खांद्यावर फायलींची पिशवी, भरभर चालणारी आणि त्याहून भरभर बोलणारी.

"असली आहेत म्हणालात ते जाऊ दे काका," ती म्हणाली. "तुमच्याकडे शाळेचं पत्र आहे. बरोबर चौदा फेटे आणि पालखी होती. पालखी घेऊन दंगल करायला कोण जातं? ह्यात तुम्ही सुटणार. फक्त वेळ लागेल."

"किती तारखा?" सखारामने विचारलं.

"ते देवाला माहीत. आपण दोन गोष्टी सांभाळायच्या. मी नसेन त्या दिवशी एवढंच म्हणायचं, वकील आल्या नाहीत, तारीख द्या. आणि तुमच्या विरुद्ध जाईल असं काही बोलायला तुम्हाला कोणी भाग पाडू शकत नाही. गप्प राहायचा हक्क आहे आरोपीला. घटनेनेच दिलाय."

सखारामचा चेहरा उजळला. घरी जाऊन त्याने ही बातमी शालनला दिली. शालन म्हणाली, "मग काय, तुम्ही जन्मापासून घटना पाळताय."

पुढच्या दोन वर्षांत तारखा पडत राहिल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी पोलिसांचे कागद आलेले नाहीत. त्यातली एक तारीख मंगळवारी पडली, तो मंगळवार वर सांगितलाच.

मग ऑक्टोबरातला तो बुधवार. दिवाळी चार दिवसांवर होती. मृणालला त्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात दुसरी केस होती. सखाराम एकटा गेला. मी म्हटलं होतं, येते, तो म्हणाला, "कशाला बाई, तारीखच तर घ्यायचीये." बाहेरच्या बाकावर त्याच्या शेजारी दिपेश नावाचा एक जण बसला होता, पत्त्यांच्या अड्ड्यावर पकडलेला.

"काका, कौनसी केस?"

"तलवार."

"बापरे. दिसत नाही तुमच्याकडे बघून."

"नाटकातली."

"मग टेन्शन कशाला घेता? कबूल करून टाका ना. मी दोनदा केलंय. साहेब विचारतात, आपण हो बोलायचं, दंड भरायचा, कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. पाच वाजता घरी. विषय खल्लास."

"परत तारीख नाही पडत?"

"अहो तेच तर सांगतोय. तारीखच नाही."

दिपेश खोटं बोलत नव्हता. त्याच्या कलमात तसंच घडलं होतं. पण प्रत्येक कलमाचं माप वेगळं असतं. एकाच्या अंगाला बेतलेला अंगरखा दुसऱ्याला चढवू नये, हे कपडेपटवाल्याइतकं कोणाला कळणार? कापडाच्या बाबतीत त्याला कळत होतं.

पुकारा झाला. सखाराम पिंजऱ्यात उभा राहिला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "वकील आल्या नाहीत. तारीख द्या." कारकुनाने वही चाळली आणि हळूच सांगितलं, "दिवाळीनंतरचा मंगळवार आहे."

ह्या एका शब्दावर सगळं फिरलं. मंगळवार म्हणजे शालनचा उतरलेला रक्तदाब, मंगळवार म्हणजे दाराकडे लागलेले तिचे डोळे.

"साहेब," तो म्हणाला, "मला कबूल आहे."

दंडाधिकाऱ्यांनी त्याला घाई केली नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण मृणालने नंतर सगळे कागद पाहिले. आरोप मराठीत वाचून दाखवला. वकील येईपर्यंत थांबायचं का, विचारलं. कोणी धमकावलंय का, विचारलं. कबूल केलं तर शिक्षा होऊ शकते, हे कळतंय का, विचारलं. तो प्रत्येकाला "हो साहेब, नाही साहेब" म्हणत गेला. शिक्षा म्हणजे मागचा बाक, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

मग त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "शिक्षेबद्दल काही सांगायचंय? वय, घरची परिस्थिती, आजारपण, काहीही?"

सखाराम गप्प राहिला.

त्यांनी पुन्हा विचारलं. तो गप्पच राहिला.

मी नंतर त्याच्यावर चिडले होते. "अरे, तोंडाला कुलूप लावलं होतंस का?" तो म्हणाला, "मृणालताईंनी सांगितलं होतं ना बाई, गप्प राहायचा हक्क आहे. आणि शालनचं दुखणं तिथे चारचौघांत कसं काढायचं? पोलीस होते, ते पत्तेवाले होते. तिला आवडलं नसतं."

त्या कलमात किमान शिक्षा चार महिने आहे. त्याहून कमी द्यायची तर न्यायाधीशाला कारण लेखी नोंदवावं लागतं. ते कारण आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने पुढे ठेवायचं असतं. सखारामने काहीच ठेवलं नाही. चार महिने साधी कैद आणि दंड. त्याच क्षणी "मला अपील करायचंय" म्हटलं असतं, तर जामिनावर घरी जाता आलं असतं. ते त्याला कोण सांगणार?

शिपायाने दंडाला धरलं तेव्हा सखाराम एवढंच म्हणाला, "उद्या गुरुवार आहे."

"मग?" शिपाई म्हणाला.



त्याला आधारवाडीच्या तुरुंगात नेलं. मृणालला संध्याकाळी कळलं. तिने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. दुसऱ्या दिवशी ती धावली, पण निकालाची प्रत तयार नव्हती, मग सुट्ट्या लागल्या, मग जामीनदार म्हणून मी उभी राहिले तर माझ्या डोंबिवलीच्या घराचे कागद तपासायला माणूस नव्हता. कोणी मुद्दाम अडवलं नाही. दिवाळी होती, इतकंच. ह्या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकरा दिवसांत पाच डायलिसिस.

शालनला घेऊन मी जात होते. पहिल्या गुरुवारी नर्स सुई घेऊन आली तेव्हा मी माझा अंगठा पुढे केला. शालनने तो धरला, डोळे मिटले, आणि सुई गेल्यावर म्हणाली, "बाई, तुमचा अंगठा फार मऊ आहे. ह्यांच्याला सुया लागून लागून घट्टा पडलाय. तो धरला की वाटतं, ह्यांना रोज टोचतं, आपलं काय मोठं?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. तीच पुढे म्हणाली, "आत बोलायला लागतं का हो? नावबिव विचारतात?"

"विचारत असतील."

"मग पंचाईत." थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्यासाठी कबूल केलं त्यांनी. मला कळत नाही का? मी म्हटलं असतं, जा मंगळवारी, मी शेजारणीला मारते मिठी. पण मला विचारतील तर ना."

चौथ्या खेपेला, दुसऱ्या गुरुवारी, तिला थंडी भरून आली. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण येतोय. हे मी मृणालला सांगितलं. सखारामला सांगायला मार्ग नव्हता.

तो शनिवारी संध्याकाळी बाहेर आला. दाढी वाढलेली, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो खजील झाला. "सुई देत नाहीत आत," म्हणाला.

अपील दाखल झालं. मृणालने आम्हाला समोर बसवून समजावलं. "काका, तुम्ही स्वतः कबूल केलंय, त्यामुळे निर्दोष ठरवा असं आता मागता येणार नाही. शिक्षा फार आहे, ती कमी करा, एवढंच मागायचं. मी कारणं लिहिलीयेत. वय अडुसष्ट, पूर्वी एकही गुन्हा नाही, पत्नी गंभीर आजारी आणि तिला दुसरं कोणी नाही. हे पत्नीचं कारण सगळ्यात भक्कम आहे."

सखारामने मान हलवली.

शालन नंतर साडेतीन महिने जगली. त्यातला एकही मंगळवार, एकही गुरुवार, एकही शनिवार त्याने सोडला नाही. फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, ती त्याला म्हणाली, जरा पडते, आणि पडली ती उठली नाही. चाळीतल्या बायका जमल्या, भंतेजी आले, त्रिसरण पंचशील झालं. सखाराम शेवटपर्यंत तिच्या उशाशी बसून होता. लोक भेटायला येत आणि सवयीने, त्याच्या वतीने कोणीतरी बोलेल म्हणून, इकडेतिकडे बघत.

मला तो एकदाच म्हणाला, "पाच वेळा, बाई. पाच वेळा मी नव्हतो." मी म्हटलं, अरे, नंतर चाळीसपन्नास वेळा होतास. त्याने ऐकलं, पण त्याच्या हिशेबात ते बसलं नाही.

अपिलाची सुनावणी जूनमध्ये कल्याणच्या सत्र न्यायालयात झाली. मी बरोबर होते. मृणालने नोव्हेंबरातलाच अर्ज वाचला, जसाच्या तसा. मला ते खटकलं, पण मी तिला दोष देत नाही. तिला वाटत होतं, हा माणूस तुरुंगात परत जाता कामा नये, आणि हातातलं भक्कम कारण कोण सोडतं? सरकारी वकिलांनीही फारसा विरोध केला नाही. न्यायाधीश बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी चष्मा लावला आणि स्टेनोला मजकूर सांगायला लागल्या. आरोपीचं वय. स्वच्छ पूर्वायुष्य. मग, "आरोपीची पत्नी गंभीर आजारी असून तिची देखभाल करणारं..."

"साहेब, एक बोलू का?"

आवाज ओळखायला मला क्षणभर लागला. सखाराम मागच्या बाकावरून उठून उभा राहिला होता.

मृणाल वळली आणि तिने मानेनेच त्याला नको म्हटलं.

"बोला," न्यायाधीश म्हणाल्या.

"ती फेब्रुवारीत गेली. ते नका लिहू."

स्टेनोची बोटं थांबली. न्यायाधीशांनी मृणालकडे पाहिलं, मृणाल खाली बघत होती. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुमच्या बाजूचं ते एक मोठं कारण आहे, हे कळतंय ना तुम्हाला?"

"हो साहेब. पण ती नाहीये."

"मग दुसरं काही सांगायचंय?"

सखारामने विचार केला. खरोखरच आठवून बघितलं त्याने, बाकी काय सांगण्यासारखं आहे ते. "नाही साहेब," तो म्हणाला. "तेव्हा मला घाई होती. आता नाही. आता मंगळवार मोकळाच असतो."

न्यायाधीशांनी स्टेनोला शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं. थोडा वेळ त्या समोरचे कागद नुसतेच उलटत होत्या. मग पुन्हा सांगायला लागल्या: तलवारी नाटकाच्या होत्या, धार नव्हती, शाळेचं पत्र आहे, आरोपीने पोलिसांपासून काही लपवलं नाही, न्यायालयापासूनही लपवलं नाही. भोगलेली अकरा दिवसांची शिक्षा पुरेशी. दंड कायम. मुद्देमाल सरकारजमा.

म्हणजे तुरुंग टळला. दोषी हा शब्द राहिला, तो आता मरेपर्यंत राहणार. तलवारी गेल्या. मृणाल बाहेर येऊन त्याच्या पाया पडली, तो एकदम मागे सरकला.

निकालाची प्रत आठवड्याने मिळाली. तो ती घेऊन माझ्याकडे डोंबिवलीला आला, कारण अक्षरं बारीक होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली, जुन्या सवयीने, शब्द न् शब्द सुटा करून. तो पुढे वाकून ऐकत होता.

"परत वाचा बाई," तो म्हणाला.

मी परत वाचली.

"तिचं नाव कुठेच नाही," तो म्हणाला.

"तूच काढायला लावलंस ना रे."

"हो," तो म्हणाला. कागदाची चार घड्यांची घडी केली, बटणं नीट लावलेल्या शर्टाच्या खिशात ठेवली, आणि मी केलेला चहा पिऊन, एकही शब्द न बोलता, विठ्ठलवाडीला घरी गेला.